भेंडी नको म्हणणारं मूल
भेंडी पाहताच मूल तोंड फिरवतं, तेव्हा बहुतेकदा चव नव्हे, बुळबुळीतपणा नडतो. पाव किलो भेंडी धुऊन अगदी कोरडी पुसा, मगच चिरा. पातळ काचऱ्या पसरट कढईत झाकण न ठेवता परता, दोन आमसुलं टाका. मीठ शेवटी, आधी घातलं तर पाणी सुटून तार येते.

ताटात नेहमीचा वरणभात, कडेला एकच काचरी. बोट लावलं, वास घेतला, तरी त्या दिवशी पुरे. "एवढा घास खाच" असा धाक नको: घाबरल्यावर भूक मरते आणि ती भीती भेंडीला चिकटते. नवा पदार्थ आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो. आपण तिसऱ्याच वेळी सोडून देतो.

वजन घटत असेल, घास अडकत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.