फोटोतला पांढरा गोळा: घरच्या घरी कसा तपासायचा

वर्षश्राद्धाला, वास्तुशांतीला किंवा गडावरच्या मुक्कामाला काढलेल्या फोटोत अंधुक पांढरे गोळे दिसले की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, आजोबा येऊन गेले. दुसरा म्हणतो, धूळ आहे, सोडा. तपासत कोणीच नाही. बहुतेक वेळा धूळच निघते हे खरं, पण नुसतं 'धूळ आहे' म्हटल्याने कोणाचं समाधान होत नाही, आणि का व्हावं? 'लेन्स पुसा' हा सल्ला तर चुकीचाच आहे. लेन्सवर डाग असेल तर तो प्रत्येक फोटोत त्याच जागी त्रास देईल. हे गोळे दर फोटोत जागा बदलतात.

1. मूळ फाइल मिळवा. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेला फोटो चालणार नाही. वाटेत त्याचा आकार घटतो आणि त्यातली एक्झिफ नोंद, म्हणजे कॅमेऱ्याने फाइलमध्ये लिहून ठेवलेली वेळ, फ्लॅश वगैरेंची माहिती, गळते. ज्या कॅमेऱ्यात किंवा फोनमध्ये फोटो काढला तिथली फाइल घ्या आणि तपशिलात फ्लॅश पडला होता का ते बघा.

2. फ्लॅश नसेल तर दिवा शोधा. फोटोत झुंबर, हॅलोजन किंवा रस्त्यावरचा दिवा असेल तर तिथून फोटोच्या मध्यबिंदूतून जाणारी सरळ रेघ ओढा. त्या रेघेवर पलीकडे तितक्याच अंतरावर ठिपका सापडला, तर ते लेन्सच्या आतलं परावर्तन आहे. फोनमध्ये तो बऱ्याचदा हिरवट असतो.

3. फ्लॅश असेल तर तसाच गोळा पुन्हा काढून दाखवा. सगळी मेहनत इथे आहे, आणि माझी फजिती इथेच झाली होती.

ओळखीच्या एका काकूंकडे काकांच्या वर्षश्राद्धाचा फोटो होता. पुतण्याने खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याने काढलेला. काकांच्या रिकाम्या आरामखुर्चीवर बरोबर मधोमध गोळा. मी माझा मोठा डीएसएलआर कॅमेरा घेऊन भर दुपारी गेले, खोलीच्या दुसऱ्या टोकाला चादर झटकायला लावली आणि साठेक फोटो काढले. गोळा एकही आला नाही. काकूंना जे वाटत होतं ते माझ्यामुळे आणखी पक्कं झालं. घरी येताना मला फार वाईट वाटलं, कारण मी त्यांना खोटा पुरावा देऊन आले होते.

चुका तीन होत्या. पहिली, कॅमेरा वेगळा. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सला अगदी खेटून असतो, त्यामुळे लेन्ससमोर वीतभर अंतरावर तरंगणाऱ्या कणावर पडलेला उजेड सरळ लेन्समध्ये परततो. कण फोकसच्या फार अलीकडे असतो, म्हणून तो ठिपका न राहता चकती होते. मोठ्या कॅमेऱ्याचा फ्लॅश लेन्सपासून दूर असतो, शिवाय जवळचा कण त्यात इतका पसरतो की दिसतच नाही. दुसरी चूक अंतराची. माणूस 3 मीटरवर आणि कण 10 सेंटीमीटरवर असेल, तर कण 30 पट जवळ आहे आणि त्याच्यावर 900 पट तीव्र उजेड पडतो. खोलीच्या पलीकडच्या धुळीला हे भाग्य नाही, म्हणून धूळ कॅमेऱ्याच्या पुढ्यातच उडाली पाहिजे. तिसरी चूक दुपारची वेळ. फिकट गोळा उजळ भिंतीवर विरून जातो, त्याला काळोखी पार्श्वभूमी लागते.

दुसऱ्या वेळी पुतण्याचाच कॅमेरा मागून घेतला. झूम पूर्ण मागे, रात्री आठची वेळ, एकच दिवा, समोर अंधारा दरवाजा. काकूंनी त्यांचीच गादी माझ्या शेजारी दोनदा झटकली. तिसऱ्या फोटोत अकरा गोळे आले. मग कॅमेरा मी काकूंच्या हातात दिला. त्यांनी खुर्चीचा फोटो काढला, पडद्यावर बघितला आणि म्हणाल्या, "ही खुर्ची मी रोज झटकते गं." बटण त्या घरातल्या माणसानेच दाबलं पाहिजे, याबाबत मी तडजोड करत नाही.

धूळ म्हणून पीठ किंवा टाल्कम पावडर उडवू नका. एक तर ती कॅमेऱ्यात जाते. दुसरं म्हणजे, 'आमच्याकडे त्या दिवशी पीठ नव्हतं' हे उत्तर तयारच असतं, आणि ते बरोबरही असतं. त्याच घरातली सतरंजी, तीच गादी वापरा. कार्याच्या दिवशी पन्नास माणसं येतात, सतरंज्या अंथरल्या जातात, खुर्च्या सरकतात; धूळ त्यातूनच उठते. अगरबत्तीच्या धुराचा मात्र असा गोळा होत नाही. त्याचे कण इतके बारीक असतात की फोटोत पांढरट पट्टा किंवा धुकं दिसतं. पावसाळ्यात राजमाचीवर धुक्याचे थेंब आणि जेजुरीला उधळलेला भंडारा मात्र धुळीसारखेच गोळे तयार करतात.

4. लगेच उलट तपासा. तिथूनच फ्लॅश बंद करून तीन फोटो. मग धूळ बसू द्या, अर्धा तास थांबा आणि फ्लॅशसह तीन. दोन्ही वेळा गोळे आले नाहीत, तर ते फ्लॅश आणि धुळीचेच होते. फोन असेल तर नाइट मोड बंद ठेवा, नाहीतर फ्लॅश पडेलच असं नाही.

5. आक्षेपांना उत्तर द्या, टाळू नका. सर्वांत चांगला आक्षेप असा: गोळा माणसाच्या मागे गेलेला दिसतो, मग तो लेन्सजवळ कसा? फोटो मोठा करून बघा. माणसाचा सदरा पांढरा असेल. गोळा म्हणजे फोटोत मिसळलेला थोडा जास्तीचा उजेड. काळ्या भागावर तो उठून दिसतो, पांढऱ्यावर लोपतो, म्हणून कापल्यासारखा वाटतो. गोळ्यात चेहरा दिसतो म्हणणाऱ्यांना तुम्ही नुकत्याच काढलेल्या गोळ्यांत चेहरे शोधायला सांगा. दोन-तीन सापडतात. कधी गोळ्याला कडा असतात, षट्कोनासारख्या. तो आकार लेन्सच्या आतल्या पात्यांच्या झडपेचा आहे. रंगावरून आत्म्याची मनःस्थिती सांगणारे तक्ते फिरतात, त्यांना कसलाही आधार नाही.

कोणी फोटोवरून बाधा सांगून, भीती घालून शांतीसाठी पैसे मागत असेल, तर तपासणीत वेळ घालवू नका. महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. फोटो आणि निरोप जपून ठेवा आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

6. सीसीटीव्हीतले उडते गोळे. रात्री कॅमेऱ्याभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागतात, त्यांच्याभोवती किडे घोंघावतात आणि कोळी तिथेच जाळं विणतो. केरसुणीने जाळं काढा, काच पुसा आणि दुसऱ्या रात्रीचं चित्रण बघा.