राऊटरमुळे ब्राउझर अडतो तेव्हा

विदर्भातल्या खेड्यांत वीज जाऊन परत आली, की वायफायचे चिन्ह पूर्ण दिसत असूनही संगणकाच्या ब्राउझरमध्ये एकही पान उघडत नाही, असा अनुभव अनेकदा येतो. अशा वेळी मोबाइलचा डेटा बंद करून तेच पान घरच्या वायफायवर मोबाइलमध्ये उघडून पाहावे. तिथे उघडले तर दोष संगणकात आहे. दोन्हीकडे अडले तरच राऊटरकडे वळावे.

फायबरच्या डब्यावरील ‘एलओएस’ (म्हणजे सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल असल्यास बहुधा बाहेरची तार तुटलेली असते आणि घरात कितीही खटपट केली तरी उपयोग होत नाही. सरळ तक्रार नोंदवावी. दिवा ठीक असल्यास राऊटर बंद करून अर्धा मिनिट थांबावे व पुन्हा सुरू करावा.

तरीही पान न उघडता ब्राउझरच्या संदेशात ‘डीएनएस’ हा शब्द दिसत असेल, तर संकेतस्थळाच्या नावाचा आकडी पत्ता शोधणारी यंत्रणा अडली आहे, असे समजावे. ब्राउझरमध्ये इंग्रजी अंकांत १.१.१.१ हा आकडी पत्ता लिहून पाहावे. ते पान उघडले आणि नावाची पाने उघडली नाहीत, तर निदान पक्के झाले. मग राऊटरच्या तळाशी छापलेला पत्ता, जो बहुधा १९२.१६८.१.१ असतो, उघडून डीएनएसच्या रकान्यात ८.८.८.८ हा गूगलच्या डीएनएसचा पत्ता भरावा.

रिसेटच्या बारीक छिद्रात मात्र उगाच टाचणी घालू नये, कारण त्याने जोडणीचे नाव व पासवर्डही पुसले जाऊ शकतात आणि ते पुन्हा भरायला तालुक्याहून माणूस येईपर्यंत वाट पाहावी लागते.