बोर्ड शाबूत, बंधारा कोरडा: लोकसहभागाच्या कामात या चुका टाळा

पुण्यातून दर शनिवारी पुरंदर, भोर, वेल्हे, मावळच्या वाड्यांकडे गाड्या निघतात. कुणी कंपनीच्या सीएसआरचे, कुणी कॉलेजच्या एनएसएसचे, कुणी सोसायटीचा ग्रुप, कुणी संस्थेचे कार्यकर्ते. हेतू चांगला असतो, बऱ्याचदा पैसाही पुरेसा असतो. तीन वर्षांनी त्याच वाटेने जाऊन पाहावं तर देणगीदाराचा बोर्ड शाबूत आणि बंधाऱ्यात ठणठणाट.

दोष बहुतेक वेळा सिमेंटला दिला जातो. पण पाणी कुणाला किती, दुरुस्ती कुणी करायची आणि हे ठरवणार कोण, या प्रश्नांना नारळ फुटण्याआधी कुणी हात लावलेला नसतो. नेपाळ, नायजर, बांगलादेश, केनिया, जिथे जिथे हवामानाचा मार आधी गरिबाला बसतो तिथला अनुभवही असाच आहे.

बैठक सकाळी अकराला ठेवणं

अहवालात ‘गावाने ठरवलं’ असं दिसलं की आधी विचारावं, बैठक किती वाजता होती? अकरा वाजता देवळात बैठक लावली की कोण येणार ते ठरलेलंच. सरपंच, माजी सरपंच, डेअरीचा चेअरमन आणि पारावरची नेहमीची मंडळी. बायका कांद्याच्या खुरपणीला गेलेल्या, धनगर मेंढरांमागे, कातकरी वस्ती वीटभट्टीवर. ग्रामसभेचा कोरम 15 टक्के किंवा 100 मतदार, यातला कमी असेल तो. तेवढ्या सह्या जमवणं अवघड नाही. नियमित ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी असा आपल्याकडे कायदा आहे. ती अनेक ठिकाणी फक्त रजिस्टरात भरते.

अशा बैठकीत चराईबंदी एकमताने मंजूर होते. ज्याच्याकडे दहा शेळ्या आणि शून्य गुंठे जमीन आहे तो तिथे नसतोच. मग रात्री शेळ्या शिरतात, चर बुजतात, आणि अहवालात ‘जनजागृतीचा अभाव’ असं लिहिलं जातं.

श्रमदानाचंही असंच. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात गावाची तयारी जोखण्यासाठी सुरुवातीला चार दिवसांच्या श्रमदानाची अट असे. कल्पना रास्त आहे, पण खाचखळगा पाहा. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईची चार दिवसांची हजरी बुडते आणि तिने खणलेल्या चरांनी विहीर भरते ती बागायतदाराची. त्यामुळे श्रमदान जमिनीच्या प्रमाणात वाटून घ्या आणि भूमिहीनांना मजुरी मिळेल अशी सोय करा. हे बोलायला संकोच वाटतो म्हणून बोललं जात नाही, एवढंच.

वस्तीवर जा, जेवणं उरकल्यावर जा. शिवारफेरी बायकांबरोबर काढा आणि एकच विचारा, “एप्रिलमध्ये हंडा कुठे भरता?” इंजिनिअरच्या नकाशात नसलेला झरा अशा वेळी सापडतो.

आधी बांधकाम, मग नियम

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, आणि तिचं उत्तर पुणे जिल्ह्यानेच पन्नास वर्षांपूर्वी दिलेलं आहे. 1972च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात काम सुरू केलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही भिंतीवर लावावेत असे आहेत. पाणी जमिनीच्या मापाने मिळायचं नाही, माणसांच्या मापाने मिळायचं. माणशी अर्ध्या एकरापुरतं, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. ऊस लावायचा नाही. आणि योजनेच्या खर्चातले 20 टक्के लाभार्थ्यांनी स्वतः उभे करायचे.

यातला एकही नियम पाणी आल्यावर ठरवता आला असता का? उसाला एकदा पाणी लागलं की ते तोडणारा सरपंच पुढच्या निवडणुकीत पडतो. उलट पाणी यायच्या आधी सगळेच कोरडे असतात, तेव्हा समान वाटपाला हात वर करायला कुणाचं काही जात नाही. ही खिडकी फार थोडा काळ उघडी असते.

नियम नसले की काय होतं ते शेततळ्यांत दिसतं. योजना पावसाचं पाणी साठवण्याची. पण तळ्यात प्लास्टिक अंथरून विहिरी-बोअरचं पाणी उपसून भरण्याचा प्रकार राज्यात सर्रास चालतो. सगळ्यांच्या जमिनीखालचं पाणी एकाच्या तळ्यात येऊन उन्हात वाफ होतं. कागदावर मात्र ते हवामान बदलाशी जुळवून घेण्याचं काम. हिवरे बाजारात शेतीसाठी बोअरवेलवर बंदी आहे आणि दरवर्षी पावसाच्या हिशोबाने पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरतात. तिथे पाहायला जाणारे चर आणि झाडं पाहून परततात, ताळेबंदाचा फळा क्वचितच कुणी वाचतं.

पक्कं बांधकाम म्हणजे पक्कं काम, असं समजणं

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी नेपाळमधल्या पाटपाण्याच्या योजना बारकाईने तपासल्या. दगड-झुडपांचे कच्चे बांध असलेल्या, शेतकऱ्यांनीच चालवलेल्या अनेक योजनांत टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेतापर्यंत पाणी जास्त खात्रीने पोहोचत होतं. पक्के बांध बांधून मिळाले तिथे ते बऱ्याचदा पोहोचेनासं झालं.

कारण साधं आहे. कच्चा बांध दर पुरात वाहून जायचा आणि उभा करायला टेलवाल्यांचे हात लागायचे. त्या हातांच्या बदल्यात हेडवाले, म्हणजे पाटाच्या तोंडाकडचे, पाणी सोडायचे. काँक्रीट आलं, हातांची गरज संपली, पाणीही अडलं. मदत करणाऱ्यांनी बांध दुरुस्त केला आणि सौदा मोडला.

आपल्याकडचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाहा. भिंत तीस वर्षं टिकते. अडतं कुठे, तर ढाप्यांवर, म्हणजे पाणी अडवायला भिंतीच्या गाळ्यांत बसवायच्या फळ्यांवर. पावसाळा सरला की ढापे बसवायचे, पुढच्या पावसाआधी काढायचे. रबर झिजलं की गळती, वेळेत काढले नाहीत तर पुराने काठ फुटतो, आणि उघड्यावर ठेवले तर एका रात्रीत भंगारात जातात. म्हणून प्रस्तावात भिंतीच्या अंदाजपत्रकाखाली आणखी एक ओळ हवी. ढापे कुणाच्या खोलीत, किल्ली कुणाकडे, बसवणाऱ्यांची मजुरी कुठल्या वर्गणीतून. ही ओळ लिहिता येत नसेल तर भिंत बांधू नका.

बाहेरची अक्कल

आफ्रिकेच्या दक्षिण भागात ‘प्लेपंप’ आला होता. बागेतल्या गोल चकरीला जोडलेला पंप. मुलं खेळणार आणि पाणी वर येणार. 2006 साली त्यासाठी मोठाल्या निधीच्या घोषणा झाल्या. नंतर कुणीतरी हिशोब मांडला, ठरलेल्या लोकसंख्येला पाणी पुरवायचं तर मुलांना दिवसाचे 27 तास खेळावं लागेल. मुलं कंटाळली, आणि साधा हातपंप काढून बसवलेली ती चकरी बाया हाताने ढकलत राहिल्या. त्यांना आधी कुणी विचारलंच नव्हतं.

वृक्षारोपणही याच घरातलं. जुलैत टेकडीवर रोपं, टोपी, फोटो. मार्चमध्ये टँकर कुणाचा, ते नंतर बघू. नायजरच्या मरादी भागात अशीच रोपं लावून मेली. 1980च्या दशकात टोनी रिनाउडो यांच्या लक्षात आलं की शेतातली खुरटी झुडपं म्हणजे तोडलेल्या झाडांचे जिवंत बुडखे आहेत. मोजके फुटवे राखायचे, बाकीचे छाटायचे. तेवढ्यावर सुमारे 50 लाख हेक्टरवर झाडं परत आली. पण हे घडलं ते झाड सरकारचं नसून आपलं आहे असं शेतकऱ्याला वाटू लागल्यावर. त्याआधी ‘सरकारी’ झाड जपण्यात त्याला काय रस?

इशारा दिला म्हणजे झालं

25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने आणि 25 जुलै 2024ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत शिरलेल्या पाण्याने पुणेकरांना दाखवलं की हा विषय फक्त दूरच्या देशांचा नाही. खडकवासला धरणातून 35 हजार क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी), असा मेसेज फिरतो. ओढ्याकाठच्या वस्तीतल्या आजींना क्युसेकवरून आपला उंबरा बुडेल की नाही ते कळत नाही. नदीपात्रातला सखल भिडे पूल पाण्याखाली गेला म्हटलं की मात्र सगळ्या पुण्याला कळतं. प्रत्येक वस्तीने आपला असा एक भिडे पूल ठरवावा. कुठल्या खुणेला पाणी लागलं की कुणाला उचलून कुठे न्यायचं, ते नावानिशी.

बांगलादेशात 1991च्या चक्रीवादळात सुमारे 1 लाख 38 हजार माणसं गेली, त्यांत बायकांचं प्रमाण फार मोठं होतं. निवारे मुळात अपुरे, आणि होते तिथेही बायकांसाठी वेगळी जागा नव्हती, गुरं नेता येत नव्हती. पुढे स्वयंसेवकांच्या पथकांत बायका मोठ्या संख्येने घेतल्या आणि गुरांसाठी उंच मातीचे ‘किल्ला’ उभारले गेले. आज तिथे मोठ्या वादळातही मृत्यू पूर्वीच्या मानाने फारच कमी होतात.

पैसा आणि मुदत

2003 ते 2016 या काळात आंतरराष्ट्रीय हवामान निधीतला दहा टक्क्यांहून कमी पैसा स्थानिक पातळीच्या कामांसाठी होता. केनियात इसिओलो परगण्याने वेगळी वाट धरली, वॉर्डाच्या समितीने कामं निवडायची आणि निधी त्यानुसार. आपल्याला एवढं तरी करता येईल की प्रस्तावातली थोडी रक्कम खर्चाचं शीर्षक आधी न ठरवता गावसमितीच्या हाती ठेवावी. ऑडिटर कुरकुरतील, कुरकुरू द्या.

मुदतीचं म्हणाल तर, पुण्यातल्या कचरावेचकांची संघटना 1993 सालची आणि त्यांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार 2008 सालचा. मध्ये पंधरा वर्षं आहेत. दीड वर्षात ‘सक्षम समिती’ सोपवून बाहेर पडण्याचं वेळापत्रक कुठून येतं, कळत नाही.

काम आधीच बंद पडलं असेल तर

नवा निधी लगेच आणू नका. पाणीपट्टी थकलेली दिसली तर थकबाकीदार कुठल्या बाजूचे ते पाहा. सगळे टेलचे असतील तर दोष वसुलीचा नाही, वाटपाचा आहे. पंप जळून पडलाय आणि कुणी हलत नाही? वीज मीटर कुणाच्या नावावर आहे ते शोधा. तो माणूस वारलेला असू शकतो. खात्यावर सही असलेला सचिव चाकणला कंपनीत लागलेला असतो, त्यामुळे शिल्लक असूनही पैसे निघत नाहीत. दोन सह्या बदलून घ्या, त्यातली एक वस्तीवरच्या बाईची. मग जुना हिशोब सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा, भांडण होईल, होऊ द्या. त्यानंतरच दुरुस्तीची वर्गणी मागा. ढापे ऑक्टोबरात बसवायचे असतात आणि दिवाळीनंतर कातकरी वस्ती भट्टीवर गेलेली असते, तेव्हा ही बैठक सप्टेंबरातच लावा, आणि रात्री.