तापानंतर म्हाताऱ्या माणसांच्या पायातलं बळ कसं राखायचं

पावसाळा सरता सरता गावोगाव डेंग्यू-चिकुनगुन्याची साथ येते. तरणी माणसं आठवड्याभरात शेतावर जातात, पण सत्तरीतली आजी महिना झाला तरी उंबऱ्याला हात टेकल्याशिवाय उठत नाही. घरचे म्हणतात, "वय झालं." खरं कारण बहुतेक वेळा पिंडरीत, म्हणजे पोटरीत असतं.

विषाणूशी लढताना शरीराला प्रथिनं लागतात, आणि तोंडाची चव गेलेली असली की ती स्नायू मोडून काढली जातात. त्यात अंथरूण. धडधाकट म्हाताऱ्या माणसांना 10 दिवस नुसतं झोपवून ठेवलं, तरी पायांतला जवळपास 1 किलो मांसल भाग जातो, हे प्रयोगात मोजलेलं आहे. पुढे भूक परतते आणि वजनही भरतं, पण पाय हलले नाहीत तर ते चरबीचं भरतं. म्हणून नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नका.

शिंप्याची टेप घ्या. माणसाला खुर्चीवर बसवा, पाऊल जमिनीला सपाट टेकलेलं, गुडघा काटकोनात. पिंडरी सगळ्यात जाड जिथे आहे तिथे टेप टेकवा, आवळू नका. पुरुषांत 34 सेंमीपेक्षा कमी किंवा बायकांत 33 सेंमीपेक्षा कमी भरली, तर स्नायू घटल्याची शंका घ्यावी. त्याआधी नडगीवर अंगठा 5 सेकंद दाबून बघा. खड्डा राहिला तर सूज आहे, म्हणजे माप खोटं, डॉक्टरांना दाखवा. दुसरी परीक्षा: भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून, हात छातीवर बांधून, 5 वेळा उठणं-बसणं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद कमी झालेली आहे. बाजेवर ही परीक्षा घेऊ नका, ती खाली झोळते. दोन्ही आकडे तारखेसह कॅलेंडरवर लिहा आणि दर 15 दिवसांनी त्याच पायाचं माप घ्या.

आता खाणं, कारण चुका इथेच होतात. आजाऱ्याला पेज आणि चहा-बिस्कीट देतात. पोटाला आधार होतो, पण स्नायूला काही मिळत नाही. सलाईनचंही तेच: 5 टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर, म्हणजे 100 कॅलरीसुद्धा नाहीत, आणि प्रथिनं शून्य. आजारातून उठणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं हवीत. 55 किलोच्या माणसाला किमान 66 ग्रॅम. ती अशी बसवता येतात: सकाळी 2 उकडलेली अंडी आणि पेलाभर दूध (19 ग्रॅम), दुपारी 2 भाकरी, 40 ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, वाटीभर दही (25), चार वाजता मूठभर फुटाणे (6), रात्री 40 ग्रॅम मूगडाळ घातलेली मऊ खिचडी आणि 20 ग्रॅम शेंगदाण्याची चटणी (19). अंडी चालत नसतील तर 25 ग्रॅम सोयाबीन वड्या. दात नसतील तर फुटाण्यांचं पीठ करून ताकात कालवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण कमी झालं असेल, तर डोस आधी विचारा, साखर एकदम उतरू शकते.

ताप असतानाही जेवायला उठवून बसवावं आणि झोपल्या जागी पावलं वर-खाली हलवायला लावावीत. डेंग्यूत ताप उतरल्यावरचे पहिले 2 दिवसच धोक्याचे: पोटात जोराची कळ, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, ग्लानी यांपैकी काही दिसलं की थेट रुग्णालयात न्या. ते दिवस सुखरूप गेले की व्यायाम सुरू करा. खुर्चीवरून उठणं-बसणं 5 वेळा, सकाळ-संध्याकाळ, गरज पडली तर हाताच्या आधाराने. चौकट धरून टाचा उचलणं 10 वेळा. दर आठवड्याला 2-2 वाढवा, मग हातांत पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या द्या. दुसऱ्या दिवशी जास्तच गळून गेल्यासारखं झालं तर निम्म्यावर या. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर थांबा आणि दाखवा.

चिकुनगुन्यात सांधे महिनोन्महिने दुखतात, आणि "एका सुईत मोकळं" करणारं इंजेक्शन गावात सहज मिळतं. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. दुखणं थांबतं खरं, पण ते पुन्हा पुन्हा घेतलं की मांड्यांचे स्नायू झिजतात, साखर वाढते, चरबी तोंडावर आणि पोटावर चढते. आधीच पाय गेलेल्या माणसावर हा दुसरा घाव आहे. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घ्या, आणि डेंग्यू नाही हे रक्ततपासणीत कळेपर्यंत आयब्युप्रोफेन (ब्रुफेन), अ‍ॅस्पिरिन टाळा.

12 आठवडे नीट खाऊन आणि उठून-बसूनही पिंडरी भरत नसेल, किंवा 6 महिन्यांत वजन 5 टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, तर साखर, थायरॉइड आणि क्षयरोग तपासून घ्या. 2 आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर एवढे दिवस थांबूच नका. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, आणि आशाताईंना सांगितलं तर डबीची सोय त्या करून देतात.