जुन्या क्ले कॅसिनो चिप्स हाताने कशा पारखाव्यात

कॅसिनोत जुगाराच्या टेबलावर पैशांऐवजी वापरली जाणारी जुनी क्ले चिप संग्रहासाठी घेताना आधी वजन करा, जड असेल तर अस्सल समजा, हा सल्ला इतक्या वेळा ऐकून झाला आहे की आता त्याचा रागही येत नाही, फक्त कंटाळा येतो. वजनकाट्यावर बनावट चिप पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होते आणि खरी, झिजलेली चिप नापास होते. चिपचे आयुष्य तिच्या कडेवर लिहिलेले असते आणि ते बोटांनीच वाचावे लागते. पुढील पायऱ्या अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील जुन्या कॅसिनोंच्या चिप्स डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या आहेत. मेन राज्यातील पोर्टलंड येथे चिप्स बनवणाऱ्या बर्ट कंपनीच्या किंवा लॉस एंजेलिसच्या टी. आर. किंग कंपनीच्या चिप्सनाही त्या तितक्याच लागू पडतात.

एक खुलासा आधीच केलेला बरा. ‘क्ले’ म्हटले तरी ही पणतीसारखी भट्टीत भाजलेली माती नव्हे. माती व इतर खनिजांची भुकटी, बंधक द्रव्य आणि रंगद्रव्य यांचे मिश्रण तापलेल्या साच्यात प्रचंड दाबाखाली घट्ट केलेले असते. त्यामुळे तिचा स्पर्श प्लास्टिकसारखा निसरडा नसतो आणि कौलासारखा खरखरीतही नसतो. पाटीवरची पेन्सिल बोटांत फिरवताना जी कोरडी, किंचित धरून ठेवणारी जाणीव होते, ती याच्या सर्वांत जवळची.

पायरी १ : हात आणि टेबल

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि टेबलावर जाड सुती कापड अंथरावे. हातमोजे घालू नयेत, कारण जे तपासायचे आहे तेच त्यांच्याखाली झाकले जाते. अनेक जुन्या चिप्सच्या मिश्रणात शिशाची संयुगे असत, म्हणून काम झाल्यावरही हात धुवावेत आणि मध्येच शेंगदाणे तोंडात टाकण्याचा मोह आवरावा.

पायरी २ : वजन आणि व्यास

व्यास साधारण ३९ मिलिमीटर आणि वजन साधारण साडेआठ ते दहा ग्रॅम असावे. एकाच संचात रंगानुसार थोडा फरक पडतो, कारण प्रत्येक रंगाचे मिश्रण वेगळे असते. चिप साडेअकरा किंवा चौदा ग्रॅम भरली तर ती बहुधा आत धातूची चकती घातलेली आजकालची प्लास्टिकची चिप असते. तिचा जडपणा पुष्कळांना भारदस्त वाटतो, पण तो त्या चकतीचा असतो. वजनाचा उपयोग एवढाच.

पायरी ३ : साच्याची नक्षी

चिपच्या दर्शनी बाजूला, काठालगतच्या पट्ट्यात, साच्याने उमटवलेली बारीक नक्षी असते. पॉल एंडी यांनी १९६३ मध्ये लास वेगासमध्ये सुरू केलेल्या पॉल-सन कंपनीच्या चिप्सवर उंच टोपी आणि छडी दिसते, तर टी. आर. किंगच्या काही चिप्सवर छोटी किल्ली असते. ही नक्षी बोटाला स्वतंत्रपणे कळते की नुसती डोळ्यांना दिसते, हे पाहावे आणि लक्षात ठेवावे, कारण पुढच्या पायरीत याचीच गरज पडणार आहे. मध्यभागी सोनेरी ठसा असेल तर त्यावर बोट घासू नये, तो नाजूक असतो. कडेवरचे रंगीत तुकडे चिपच्याच जातीच्या मिश्रणाचे असतात आणि मुख्य रंगाशी दाबाने एकजीव झालेले असतात. म्हणून सांध्यावरून बोट फिरवताना पायरी लागली, तर ते तुकडे वरून चिकटवलेले किंवा प्लास्टिकचे असण्याची शंका घ्यावी.

पायरी ४ : कड

येथे घाई चालत नाही. मला स्वतःला या पायरीने दीर्घकाळ फसवले आहे.

छंदाच्या सुरुवातीच्या काळात एका प्रदर्शनात, लास वेगासमधील बंद पडलेल्या एका कॅसिनोच्या पाच डॉलरच्या वीस लाल चिप्स मी एकगठ्ठा घेतल्या. रंग असा गडद होता, जणू चिप्स आदल्याच दिवशी साच्यातून निघाल्या असाव्यात. मी अंगठ्याने त्यांच्या दर्शनी बाजू चोळून पाहिल्या, मान डोलावली आणि न वापरलेल्या चिप्सचा भाव मोजला. काही महिन्यांत रंग उतरून फिका, पांढुरका झाला आणि तेव्हा प्रथमच माझे बोट कडेवरून गेले. कड गोटीसारखी गोल होती. विकणाऱ्याने चिप्सना खनिज तेल लावले होते. ते दर्शनी भागाच्या सूक्ष्म छिद्रांत भरते, रंग गडद करते आणि झिजेचा पांढुरकेपणा झाकते. उडून गेलेला कोपरा मात्र कोणतेही तेल परत आणू शकत नाही.

कोपरा हा शब्द नीट समजून घ्यावा. चिपची जाडी सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास असते आणि ही उभी कड दर्शनी बाजूला जेथे मिळते, तेथे नव्या चिपमध्ये जवळजवळ काटकोन असतो. चिप हाताळली गेली, थप्पीतून ओढली गेली, ट्रेमध्ये आपटली गेली की पहिला मार याच कोपऱ्याला बसतो. नक्षी त्यानंतर झिजते. हा क्रम पक्का ध्यानात ठेवावा.

तपासताना एका हाताच्या अंगठ्याने आणि मधल्या बोटाने चिप दोन्ही बाजूंनी मध्यावर धरावी आणि दुसऱ्या हाताच्या अनामिकेचा मऊ भाग कोपऱ्यावरून अतिशय हलक्या दाबाने फिरवावा. अंगठा वापरू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण आयुष्यभराच्या कामाने त्याची कातडी राठ झालेली असते. नखाने तर मुळीच पाहू नये. नख अडते की नाही, ही चाचणी पुष्कळ जण सांगतात, पण ठिसूळ कडेचा टवका उडाला की ती चाचणी देणारी चिप आणि भाव दोन्ही हातचे जातात. वरचा आणि खालचा असे दोन्ही कोपरे, प्रत्येकी किमान चार ठिकाणी पाहावेत. बारीक टवके बहुधा एकाच बाजूला असतात आणि विकणारा चिप देताना ती बाजू स्वतःच्या बोटांखाली ठेवतो, हा माझा अनुभव आहे.

न वापरलेल्या चिपचा कोपरा बोटाला रेघेसारखा कळतो आणि किंचित टोचतो. थोड्या वापरलेल्या चिपमध्ये रेघ कळते, पण टोचत नाही. खूप वापरलेल्या चिपमध्ये रेघच सापडत नाही आणि दर्शनी बाजूवरून कडेवर बोट उताराने घसरत जाते.

हे वाचायला सोपे आहे. करताना अडचण अशी येते की बोटांना आठवण नसते. दहा झिजलेल्या चिप्स सलग हाताळल्यावर अकरावी, जरा कमी झिजलेली चिप धारदार भासते, आणि माझी फसगत होण्यात तेलाइतकाच या गोष्टीचाही वाटा होता, कारण गठ्ठ्यातील वीसही चिप्स सारख्याच गोल होत्या व तुलनेला दुसरे काही हाताशी नव्हते. तेव्हापासून मी न वापरलेली, पण स्वस्तातली एक क्ले चिप कायम खिशात बाळगतो आणि प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या चिपनंतर अनामिका तिच्यावरून फिरवतो. हा एक नियम पाळला तर बाकीचे अर्धे सल्ले विसरले तरी चालतील. एका बैठकीत पंधरा-वीस चिप्सपेक्षा जास्त पारखू नयेत.

शंका उरलीच तर चिप काचेवर कडेने उभी करावी. धारदार कडेची चिप हात सोडल्यावर शांतपणे उभी राहते, गोल कडेची डगमगून आडवी होते. कड धारदार वाटली, पण आधी पाहिलेली टोपी आणि छडी मात्र सपाट झालेली असेल, तर थांबावे. कोपरा नक्षीच्या आधी झिजतो, त्यामुळे जुनाट चेहऱ्याला कोरी कड नैसर्गिकरीत्या लाभत नाही आणि तेथे बहुधा सँडपेपर चालवलेला असतो. अशा चिपचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजला की कमी भरतो. स्वतः असा उद्योग कधीही करू नये, कारण त्यात चिपचे मोल जाते आणि शिशाची धूळ श्वासावाटे आत जाते.

तेल ओळखण्यासाठी चिप पांढऱ्या टिश्यू पेपरवर घट्ट दाबून कागद उजेडात धरावा. वर्तमानपत्रावर ठेवलेल्या भज्याखाली उमटतो तसा अर्धपारदर्शक डाग दिसला, तर भाव पुन्हा ठरवायला सांगावे. तेल लावणे हा गुन्हा नव्हे, न सांगता लावणे ही लबाडी आहे.

पायरी ५ : थप्पी

वीस चिप्सची थप्पी लावावी. कोऱ्या चिप्स एकमेकींना धरून बसतात आणि थप्पी एकसंध उचलता येते, तर वापरलेल्या चिप्स कॅरमच्या सोंगट्यांसारख्या सहज सरकतात. मग एकेक चिप दुसऱ्या चिपवर ठेवून बोटाने हलकेच फिरवावी. ती भिंगरीसारखी फिरत राहिली तर बाक आलेला आहे असे समजावे. टेबलावर टाकून आवाज ऐकण्याचा प्रकार मात्र करू नये. क्ले चिपचा आवाज बसका असतो हे खरे, पण तो दोन चिप्स हातातल्या हातात हळूच टेकवूनही ऐकता येतो.

पायरी ६ : धुणे आणि ठेवणे

कोमट पाणी, सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ दातघासणी आणि लगेच पुसणे एवढेच करावे. चिप भिजत घालू नये. अ‍ॅसिटोन किंवा स्पिरिट तर घरात असले तरी त्या खोलीत आणू नये. सोनेरी ठशाच्या चिपला ब्रशही लावू नये, तेथे ओलसर कापड पुरे.

धुतलेली चिप सपाट कापडावर सावलीत वाळवावी. उन्हात ठेवल्यास आधी नसलेला बाक येतो आणि तो सरळ करण्याची खात्रीची युक्ती मला आजवर सापडलेली नाही. ठेवताना चिप्स आडव्या ठेवाव्यात, थप्पी दाबून बसवू नये आणि मोटारीच्या डिकीत तर उन्हाळ्यात एक दुपारही ठेवू नयेत.