कारखान्यातील पंप काँक्रीटच्या पायावर कसा बसवावा

विहिरीवरचा लहान पंप जांभ्याचे चार चिरे रचून, वर गिलावा करून त्यावर ठेवण्याची रीत गोव्यात घरोघरी दिसते आणि घरगुती वापरापुरती ती चालूनही जाते. मात्र पंचवीस-तीस अश्वशक्तीचा सेंट्रिफ्युगल (फिरत्या चक्राने पाणी फेकणारा) पंप रात्रंदिवस चालणार असेल, तर चिऱ्यांचा चौथरा त्याच्या कामाचा नाही. जांभा दगड सच्छिद्र असतो, सततच्या हादऱ्यांनी चिऱ्यांमधले सांधे सुटतात आणि एकदा चौथरा हलू लागला की कपलिंग (मोटर आणि पंपाचे दांडे जोडणारा भाग), सील (दांड्यापाशी पाणी गळू न देणारा भाग) आणि बेअरिंग ही तिन्ही एकामागून एक जातात. म्हणून इथे एकसंध काँक्रीटचाच पाया हवा.

आधी जमीन पाहावी. जांभ्याचा घट्ट थर लागला तर उत्तमच. पण खाजणालगत (खाडीकाठच्या सखल, खाऱ्या जमिनीलगत) किंवा भराव टाकून तयार केलेल्या भूखंडावर वरची माती कितीही कडक दिसली तरी तिच्यावर विसंबू नये, घट्ट थर लागेपर्यंत खणावे आणि तो लागत नसेल तर स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा. यंत्रांच्या पायांसाठी आयएस २९७४ हे भारतीय मानक आहे. मोठ्या पंपाच्या पायाचा आराखडा त्यानुसारच करून घ्यावा. खोदाई शक्यतो जूनपूर्वी उरकावी, कारण पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते आणि तळाची माती चिखल होऊन बसते.

पायाच्या वजनाचा साधा ठोकताळा असा, की पंप, मोटर आणि बेसप्लेट (ती दोन्ही ज्यावर बसवलेली असतात ती धातूची बैठक) यांच्या एकत्रित वजनाच्या निदान तिप्पट वजन पायाचे असावे. दट्ट्याच्या पंपाला याहून बरेच जास्त लागते. समजा, सगळा संच ६०० किलोचा आहे. म्हणजे पाया किमान १८०० किलोचा हवा. काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २४०० किलो धरले तर पाऊण घनमीटर काँक्रीट लागेल. बेसप्लेट १.३ मीटर लांब आणि ०.६ मीटर रुंद असेल, तर चहूबाजूंनी १०० मिलिमीटर जागा सोडून पाया १.५ बाय ०.८ मीटरचा होतो आणि त्याची खोली साधारण ६२५ मिलिमीटर येते. पायाचा माथा जमिनीच्या वर राहील असा ठेवावा, म्हणजे फरशी धुतल्याचे पाणी बोल्टपर्यंत जात नाही. पाया इमारतीच्या भिंतीला किंवा खांबाला जोडू नये.

फाउंडेशन बोल्टची जागा निर्मात्याच्या आराखड्यावरून प्लायवूडच्या साच्यात भोके पाडून निश्चित करावी. प्रत्येक बोल्टभोवती त्याच्या व्यासाच्या अडीच ते तीनपट व्यासाची नळी ठेवावी, म्हणजे २० मिलिमीटरच्या बोल्टला ५० ते ६० मिलिमीटरची. काँक्रीट ओतताना बोल्ट थोडा सरकला तरी नळीमुळे तो नंतर इकडेतिकडे करता येतो. नळीचे तोंड चिंध्यांनी बंद करायला विसरू नये. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत साधे बोल्ट लवकर गंजतात. तिथे गॅल्वनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. त्याच कारणाने काँक्रीटसाठी खाडीतली खारी रेती किंवा मचूळ पाणी वापरू नये.

सळ्यांची जाळी बांधून काँक्रीट एकाच दमात ओतावे आणि व्हायब्रेटरने दाबून घ्यावे. माथा मात्र गुळगुळीत घोटू नये. गवंडी सवयीने थापी फिरवून तो आरशासारखा करतात, आणि नंतर तोच छिन्नीने खरवडावा लागतो! किमान सात दिवस ओले गोणपाट घालून पाणी मारावे. पूर्ण ताकद २८ दिवसांनी येते.

पुढे माथ्यावरचा कच्चा, पिठूळ थर छिन्नीने काढून आतली खडी उघडी करावी. बेसप्लेटचा खालचा भाग तेल आणि गंजापासून स्वच्छ करून ती प्रत्येक बोल्टच्या दोन्ही बाजूंना ठेवलेल्या पाचरांवर टेकवावी. खाली २५ ते ५० मिलिमीटर फट राहिली पाहिजे. लेव्हल लांबीच्या आणि रुंदीच्या दोन्ही दिशांनी पाहावी, मीटरला ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा. बोल्ट या वेळी हाताने हलकेच आवळावेत, कारण खाली आधार नसताना जोर लावला तर बेसप्लेट वाकते.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते ग्राउटकडे, म्हणजे बेसप्लेटखालची फट भरण्यासाठी ओततात त्या सिमेंटच्या मिश्रणाकडे. फोंड्याजवळच्या एका कारखान्यात एका पंपाची बेअरिंग वर्षात तीनदा बदलली गेली होती आणि प्रत्येक वेळी दोष बेअरिंगलाच देण्यात आला. मी लहान हातोडीने बेसप्लेटवर ठोकत गेलो. कडेला आवाज भरीव येत होता, मोटरखाली मात्र रिकाम्या डब्यासारखा. ग्राउट दोन्ही बाजूंनी ओतल्यामुळे मधली हवा आतच अडकली होती आणि मोटर पोकळीवर उभी होती.

म्हणून ग्राउट नेहमी एकाच बाजूने ओतावे आणि समोरच्या बाजूने, तसेच बेसप्लेटच्या हवा-भोकांतून ते वर येईपर्यंत थांबू नये. आदल्या दिवशी काँक्रीट २४ तास भिजत ठेवावे. ओतण्यापूर्वी साचलेले पाणी पुसून काढावे. ग्राउट न आकसणारे घ्यावे आणि पोत्यावर लिहिले आहे तेवढेच पाणी मोजून घालावे. पातळ केले की ओतायला सोपे जाते, पण ताकद जाते. सुकल्यावर हातोडीने ठोकून पाहावे, आणि आवाज भरीव आला तरच बोल्ट पूर्ण आवळावेत.

कपलिंगचे अलाइनमेंट, म्हणजे मोटर आणि पंपाचे दांडे एका रेषेत आणणे, ग्राउट घट्ट झाल्यावरच करावे. निर्मात्याने मर्यादा दिलेली नसेल, तर डायल गेजवर (बारीक फरक काट्याने दाखवणाऱ्या मापकावर) ०.०५ मिलिमीटरच्या आत फरक राहील असे पाहावे. मोटरचा एखादा पाय अधांतरी असेल तर त्याखाली शिम (पातळ पत्र्याची चकती) घालावी. पाइप पंपापर्यंत आणावेत. पंप पाइपाकडे ओढू नये. फ्लँज (पाइप आणि पंपाच्या तोंडांवरच्या, बोल्टने जोडायच्या चकत्या) हाताने जुळले पाहिजेत, पहारीने नव्हे, आणि पाइपांना स्वतःचे आधार असावेत. पाइप जोडून झाल्यावर डायल गेज पुन्हा लावावे. काटा हलला असेल तर पाइप ताण देत आहे असे समजावे.

मोटरची फिरण्याची दिशा कपलिंग सुटे ठेवूनच तपासावी. मगच कपलिंग जोडून, पंप पाण्याने भरून तो चालू करावा. तासाभराने तो गरम असतानाच बंद करून अलाइनमेंट आणि बोल्ट पुन्हा पाहावेत आणि ते आकडे पंपाच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावेत.