मानेवरचं गळू आणि माझी साखर

मानेवर, कॉलर घासते तिथे, पुळी आली. आईच्या सांगण्यावरून हळद-कणकेचं पोटीस बांधलं. फुटली, पू गेला, बरं वाटलं. पंधरा दिवसांत पुन्हा तिथेच, या वेळी लिंबाएवढी आणि तीन तोंडांची. मेडिकलवाल्याकडून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या, तिसऱ्या दिवशी ठणका थांबला म्हणून सोडल्या. (हा शहाणपणा माझाच.)

शेवटी सर्जनकडे गेलो. त्यांनी मान बघायच्या आधी साखर तपासली: ३१२. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) १०.४ टक्के. म्हणाले, "ही काळपुळी आहे, म्हणजे अनेक तोंडांचं खोल गळू. साखर इतकी असली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात, नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही." जागा बधिर करून चीर दिली, पू कल्चरला पाठवला, म्हणजे त्यात कोणते जंतू आहेत ते लॅबमध्ये वाढवून बघायला. जखम शिवली नाही, आत गॉजची वात भरली, म्हणजे ती तळापासून भरून येते. रोज ड्रेसिंग. पहिल्या दिवशी वात ओढताना डोळ्यांसमोर तारे चमकले! कल्चरमध्ये स्टॅफ नावाचा जंतू निघाला, त्यावर चालणारं औषध दिलं, तेही पूर्ण घेतलं. काही आठवडे इन्सुलिनही. सुईची भीती होती, पण ड्रेसिंगपुढे ती काहीच नाही.

जखम भरायला पाच आठवडे लागले. आता टॉवेल वेगळा, आणि मानेवर न्हाव्याचा वस्तरा बंद. मध्ये काखेत एक पुळी आली, तेव्हा न पिळता त्याच दिवशी दाखवली. आई अजून पोटिसाचं नाव काढते.